तुरटी चाखणारी

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम आहे. शब्दाच्या जन्माची जी गोष्ट ऐकताक्षणी पटते, तिच्यावर आधी संशय घ्यायचा. नियम मुख्य संपादकांचा. त्यांना आम्ही पाठीमागे शंकासुर म्हणतो आणि ते त्यांना ठाऊक आहे, कारण तोही संशय त्यांनी घेऊन झालेला आहे. सतरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर संशय माझ्याही हाडीमासी मुरला. दूधवाला हसून बोलला की माझं लक्ष मापाकडे जातं. शेजारीण उसनी साखर परत द्यायला आली की मी वाटी जरा हलवून बघते. म्हणूनच पुढे जे झालं त्याची मला जास्त लाज वाटते. ज्या एका गोष्टीवर खरोखर संशय घ्यायला हवा होता ती मी डोळे झाकून मान्य केली, आणि त्यापायी एक सरळ माणूस चोर ठरला.

पण गोष्ट माझी नाही, माझ्या आत्याची आहे.

आत्या रंगारीण. लोकर रंगवते. तळमजल्यावर तिचं काम चालतं आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी राहतो. खाली दोन मोठे हंडे आहेत, एक तुरटीच्या पाण्याचा आणि एक रंगाचा. मागच्या बाजूला धुण्याची उघडी जागा, तिथे दोऱ्यांवर लोकरीच्या लडी वाळत असतात. चाळीस वर्षं मंजिष्ठेच्या लाल पाण्यात घालून तिचे हात कोपरापर्यंत तांबूस झाले आहेत. नव्या माणसाला वाटतं हिला काही लागलंय. लागायचं ते दुसऱ्यांना, तिच्या जिभेचं.

माझं लग्न राहिलं त्यावर तिने एका वाक्यात निकाल दिला होता. ती म्हणाली, "एका शब्दाचे सात अर्थ शोधते, पण एकाही माणसात हिला एक अर्थ सापडला नाही." माझे वडील, म्हणजे तिचा थोरला भाऊ, जरा बढाईखोर होते. दादाचं बोलणं म्हणजे हंड्यावरचा फेस, उपसायला लागत नाही, फुंकर पुरते, असं ती त्यांच्या तोंडावर म्हणायची. माझ्या स्वयंपाकाची तर रोज परीक्षा. एकदा ताट संपवून म्हणाली की भाजी छान झाली होती, कशाची होती ते कळलं असतं तर आणखी छान लागली असती. गल्लीत तिला तुरटी म्हणायचे. तिला त्याचं वाईट वाटत नसे. तुरटी आहे म्हणून रंग टिकतो, नुसत्या गोडव्याने धुण्याचं पाणी तेवढं लाल होतं, असं तिचं उत्तर तयार असायचं.

आणि ते खरंही होतं. लोकर नुसती रंगात बुडवली तर रंग धरत नाही. आधी ती तुरटीच्या पाण्यात शिजवून घ्यावी लागते. ते पाणी किती कडक, यावर सगळं अवलंबून. कमी पडलं तर रंग फिका. जास्त झालं तर लोकर चिकट आणि खरखरीत होते, रंग धाग्यात न शिरता वरवर बसतो आणि हात फिरवला की निघतो. आता कोणी म्हणेल, तुरटी मोजून घाला की. पण हंड्यातलं पाणी आम्ही फेकत नाही, प्रत्येक खेपेला त्यातच भर घालतो. आधीची तुरटी पाण्यात किती उरलीय हे कुठला काटा सांगणार? ते आत्याची जीभ सांगायची. ती पाण्यात बोट बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, मोरीत थुंकायची आणि म्हणायची, "अजून." किंवा म्हणायची, "पुरे." या दोन शब्दांवर चाळीस वर्षं धंदा चालला. बोट बुडवायचा हक्क फक्त तिचा होता. मी लहानपणी एकदा हात पुढे केला तर तिने पळी मारली होती.

ती "अजून" म्हणाली की तुरटीचं ताट घेऊन पुढे व्हायचा तो मौनी. हे त्याचं नाव नव्हे, पण बत्तीस वर्षं तो त्याच नावाला ओ देत होता. खरं तर ओसुद्धा देत नसे, नुसता येऊन उभा राहायचा. बारीक अंगाचा, पाठीत जरा वाकलेला. खिशाचं जाड एप्रन घालून पाणी तापवायचा, लडी फिरवायचा, तुरटी कुटायचा. आत्याचे टोमणे त्याच्यावरून असे जायचे की त्याला ऐकू येत नसावं असं मला वाटायचं. त्यामुळेच मला तो आवडत नसे. माणूस कधीच चिडत नाही म्हणजे आत काहीतरी साठवत असणार, असं माझं मत होतं.

गेल्या वर्षी थंडीत आत्याला मोठा ताप आला. तीन आठवडे अंथरुणावर होती. उठली तेव्हा अंग निम्मं झालं होतं, पण कामाला लागली. आणि तिच्यात एक बदल मला लगेच जाणवला. तिने माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणं बंद केलं. जे वाढेन ते खायची आणि उठायची. दुसऱ्या कोणाला बरं वाटलं असतं. मला मात्र घास गिळेना. आत्या गप्प जेवते म्हणजे काहीतरी शिजतंय आणि ते चुलीवर नाही, हे मी ओळखून होते. आठवड्याभराने ती एवढंच म्हणाली की आजकाल मिठात मीठ उरलं नाही, दुकानदार काय कालवतात देव जाणे. मग दुकान बदललं. मग कॉफीचा दुकानदार बदलला. मग तुरटीचा व्यापारी बदलला, त्याच्या तुरटीत भेसळ आहे म्हणून. महिन्याभरात दुसराही बदलला.

याच सुमाराला कचेरीत माझ्या टेबलावर एक इंग्रजी शब्द आला, मॉर्डंट. बोचऱ्या, चावऱ्या विनोदाला इंग्रजीत हे विशेषण लावतात. टोमणा असा की हसूही येतं आणि रक्तही निघतं. मूळ शब्द लॅटिन, अर्थ चावणं. तिथून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत. पण माझी मान वर झाली ती पुढच्या ओळीने. रंगाऱ्यांच्या तुरटीलाही इंग्रजीत हाच शब्द आहे. तुरटी धाग्याला चावा घेते आणि त्या चाव्यातून रंग आत शिरतो, अशी जुनी समजूत. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं तेजाबही मॉर्डंट, कारण ते धातू खातं. सोन्याचा वर्ख बसवायला खाली लावतात तो चिकटाही मॉर्डंट. आपल्याकडे पाठ्यपुस्तकवाल्यांनी तुरटीला रंगबंधक म्हटलंय. आपण बांधतो, ते चावतात.

मी हरखून गेले. माझ्या आत्याचा धंदा आणि तिचा स्वभाव कोशाच्या नोंदीच्या एकाच चिठ्ठीवर. मी शंकासुरांना म्हटलं, रंगाऱ्यांच्या हंड्यातूनच हा शब्द बोलण्यात आला असणार. त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि तारखा बघायला सांगितल्या. तारखा उलट निघाल्या. इंग्रजीत हा शब्द आधी बोलण्याला लावलेला सापडतो, रंगाला कितीतरी नंतर. मूळ लॅटिन क्रियाधातूचं आपल्या 'मर्दन'शी लांबचं नातं असावं असंही काही जण म्हणतात, तेही मी लिहिलं होतं. त्यापुढे त्यांनी शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि चिठ्ठी परत दिली. मराठी प्रतिशब्दाची जागा कोरीच होती. खवचट, तिरकस, बोचरा, मर्मभेदी, सगळे लिहून मी खोडले होते. ती चिठ्ठी कित्येक महिने माझ्या पर्समध्ये राहिली.

मग विणकरीण आली. पलीकडच्या रस्त्यावर तिचं विणकामाचं दुकान आहे आणि वीस वर्षं ती आमच्याकडूनच लोकर घेते. एका शाळेला तिने लाल मफलरी विणून दिल्या होत्या. तिने पिशवीतून एक पांढरा सदरा काढून आत्यापुढे धरला. कॉलर गुलाबी झाली होती. अशा चाळीस कॉलरी आहेत, मुलांच्या माना खाजताहेत आणि शाळेने सगळ्या तीनशे मफलरी परत पाठवल्यात, असं ती म्हणाली. पुढची खेप अशीच निघाली तर मी पुलाजवळच्या कारखान्यातून लोकर घेईन, मला माफ करा, असंही म्हणाली. ती गेल्यावर आत्या बराच वेळ तो सदरा हातात धरून बसली. तिच्या हातचा रंग कधी उतरला नव्हता. तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच, नवरा नाही, मूल नाही, होतं ते हे नाव.

ती वर आली आणि मला म्हणाली की कोणीतरी घात करतंय. तुरटी जातेय कुठेतरी. पोत्यातून ताटामागून ताटं निघतात आणि पाणी बघावं तर पांचट. मी लगेच म्हटलं, मी लक्ष ठेवते. मला कोणी असं काम सांगायचीच खोटी होती.

जिन्याच्या सातव्या पायरीवर बसलं की हंडा दिसतो आणि हंड्याजवळच्या माणसाला आपण दिसत नाही, अशी माझी समजूत होती. तिथे मी सकाळचा चहा घेऊन बसू लागले. पहिल्याच दिवशी दिसलं. आत्याने बोट चाखलं, "अजून" म्हणाली आणि मोरीकडे वळली. मौनीने ताटातली चिमूटभर तुरटी हंड्यात टाकली आणि उरलेले सगळे खडे एप्रनच्या आतल्या कापडी पिशवीत सरकवले. रिकामं ताट घेऊन पोत्याकडे गेला. आत्या पुन्हा "अजून" म्हणाली, त्याने पुन्हा तेच केलं. असं मी तीन सकाळी पाहिलं. दुपारी तो जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यात जायचा आणि बाहेर यायचा तेव्हा एप्रन सपाट असायचं.

मला सगळं लख्ख कळलं. पुलाजवळच्या कारखान्याने याला फोडलं होतं. हा पाणी कच्चं ठेवत होता, म्हणून रंग उतरत होता, म्हणून विणकरीण तिकडे चालली होती. एकही सांधा मोकळा नव्हता. त्याला जाऊन विचारावं असं एकदाही मनात आलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि खरं सांगायचं तर मला उत्तर नको होतं. संशय खरा ठरण्यासारखं दुसरं सुख नाही. मी आत्याला सांगितलं.

तिने दुसऱ्या दिवसापर्यंत कळ काढली. विणकरीण नव्या खेपेचं बोलायला आली होती, लडी उतरवायला आलेले दोन हमाल उभे होते, त्या सगळ्यांसमोर आत्याने मौनीला एप्रन उघडायला लावलं. पिशवी निघाली, पिशवीतून तुरटी निघाली. आत्या शांतपणे म्हणाली, "बत्तीस वर्षं माझ्या हंड्याशी उभा राहिलास, तुझ्यावर एक रंग चढला नाही. चोरीचा मात्र पहिल्या बुडीत पक्का बसला."

एक हमाल हसला. मलाही वाक्य आवडलं, हे मी आता कबूल करते. मौनीने एप्रन काढलं, घडी घातली आणि खुंटीवर ठेवलं. पिशवी हंड्याच्या कडेवर ठेवली. मग त्याने मान वर करून जिन्याच्या सातव्या पायरीकडे पाहिलं, जिथे मी बसले होते, आणि निघून गेला. तोंडातून शब्द नाही. चोराची वाचा बसते, असं मी मनाशी म्हटलं.

नवीन माणूस मिळेपर्यंत मी रजा काढून हंड्याशी उभी राहिले. तीनशे मफलरींची लोकर पुन्हा रंगवायची होती. आत्याने बोट चाखलं, "अजून" म्हणाली. मी ताट रिकामं केलं. "अजून." दुसरं ताट. सहा ताटं झाली, माझे दंड भरून आले, तेव्हा कुठे ती "पुरे" म्हणाली, तेही नाइलाजाने. लोकर बाहेर काढली तर बोटांना चिकटत होती. रंगातून निघाली तेव्हा लालभडक दिसली, आणि वाळल्यावर आत्याने तळहात फिरवला तर तळहातावर लाल पूड. आत्या खाली बसली. मग म्हणाली की तुरटीवालाही त्यातलाच दिसतोय. सगळ्या गावाला तिने एकेक करून चोर ठरवलं त्या दिवशी. विणकरणीला मी निरोप पाठवला की चार दिवस थांबा.

कचेरीत गेले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी शंकासुरांना सगळी हकीकत सांगितली, जरा तिखटमीठ लावूनच. त्यांनी डबा बंद केला आणि विचारलं की ज्या आठवड्यात गुलाबी कॉलरींची लोकर रंगवली, त्या आठवड्यात हा माणूस कामावर होता का. मला आठवावं लागलं. नव्हता. पायाच्या बोटावर हंड्याचं झाकण पडलं म्हणून आठ दिवस घरी होता आणि तुरटी आत्याच घालत होती. त्यांनी आणखी विचारलं की तो असताना रंगवलेल्या लोकरीची एकतरी तक्रार आली का. आली नव्हती. मग ते हात धुवायला उठले आणि जाता जाता म्हणाले, "बाई, तुम्हाला ही गोष्ट फारच लवकर पटली."

मला त्यांचा राग आला. घरी जाईपर्यंत रागच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मागे लडी उलटत होती, तेव्हा मी हंड्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. गाल आत ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं, जीभ टाळूला चिकटून बसली. मी नळाखाली तोंड धरलं. मागून आत्या आली, तिने शांतपणे बोट बुडवलं, चाखलं, थुंकली आणि म्हणाली, "अजून."

मी वर जाऊन तिचा चहा केला आणि त्यात साखरेऐवजी मीठ घातलं. चमचाभर. तिने तो चहा पेपर वाचत वाचत संपवला आणि कप खाली ठेवला. एके काळी अर्धा चमचा साखर कमी पडली तर हिने कप परत पाठवला होता. मी जिन्याखालच्या कोनाड्यात गेले, जिथे मौनी रोज दुपारी जायचा. जुन्या लडींच्या मागे एक पत्र्याचा डबा होता, कमरेइतका उंच. झाकण उघडलं. आत तुरटीचे खडे गच्च भरलेले, काही ओलसर, एकमेकांना चिकटलेले. आठ महिन्यांची तुरटी. त्यातला खडासुद्धा घराबाहेर गेला नव्हता. ती "अजून" म्हणायची आणि तो तिच्या पाठीमागे, बत्तीस वर्षांच्या अंदाजाने, हात आखडता घ्यायचा, म्हणून रंग टिकत होता.

आत्याला सांगणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. मी सरळ सांगितलं. आत्या, तुझी चव गेलीय, तापापासून गेलीय, मिठाचा दोष नाही आणि तुरटीचाही नाही. तिने नेहमीप्रमाणे जीभ उचलली आणि म्हणाली की शब्दांच्या दुकानात काम करून हिला आता वैद्यकीही यायला लागली. मग मी तिला डब्यापाशी नेलं. तिने आत पाहिलं. वर येऊन तिने एका ताटलीत मीठ, साखर, लिंबाची फोड आणि कॉफीची पूड मागून घेतली. एकेक चाखलं. लिंबाची फोड सालीसकट चावली. तोंड जराही वाकडं झालं नाही.

"मला वाटलं होतं जग बिघडलं," ती म्हणाली. नंतर हळूच म्हणाली, "मला भीती वाटतेय गं." आत्याच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी तिचा हात धरला तर तिने धरू दिला. मग तिने विचारलं की मौनी राहतो कुठे. बत्तीस वर्षांत तिला ते विचारायची वेळ आली नव्हती.

मौनी एका धुलाईच्या दुकानात लागला होता. पांढऱ्या चादरींच्या घड्या घालायचं काम. आम्ही दोघी गेलो तेव्हा तो मशीनजवळ उभा होता. त्याने हातातली चादर पूर्ण दुमडली, गठ्ठ्यावर ठेवली आणि मग आमच्याकडे आला. बसायला काही नव्हतं. आत्याने एवढंच विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

त्याने हात पुसले. मग म्हणाला, "तुमची सगळी मिजास त्या जिभेवर होती, बाई. ती गेली हे तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगायचं?"

आत्याने विचारलं की निदान त्या दिवशी तरी बोलायचं होतंस, मी चोर म्हणत असताना. तो म्हणाला की त्या दिवशी विणकरीण उभी होती. तिच्यासमोर सांगितलं असतं तर गावभर झालं असतं, मग तुमच्याकडे रंगवायला आलं कोण असतं. हे तो असं म्हणाला, जणू हिशोब अगदी सोपा होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, त्या पायरीवरून तुमचा पाय दिसायचा." मला माझी मान वर करता आली नाही. मी त्याची माफी मागितली. त्याने ऐकून घेतली.

आत्याच्या तोंडून माफी निघेना. शेवटी म्हणाली की मी बोलले ते विसर. मौनीने चादरीवरचा एक धागा उचलून बाजूला टाकला. "तुमच्या हातचा रंग कधी उतरलाय का, बाई?" तो म्हणाला आणि पुन्हा मशीनकडे गेला. मी आयुष्यात बोचरी वाक्यं पुष्कळ ऐकली, बरीचशी आत्याचीच. पण ती घरी येईपर्यंत वाटेत एक शब्द बोलली नाही, असं त्या एकाच वाक्याने झालं.

मॉर्डंटची चिठ्ठी मी दुसऱ्या दिवशी पुरी केली. शंकासुरांनी ती वाचली आणि त्याच चावणाऱ्या धातूपासून निघालेले आणखी दोन शब्द शेजारी लिहायला सांगितले. एक मॉर्सल, म्हणजे घास, एका चाव्यात तुटेल एवढा. दुसरा रिमोर्स. पश्चात्ताप म्हणतो आपण. मुळात अर्थ, पुन्हा चावणं. मी म्हटलं, हे तर ऐकताक्षणी पटतं, संशय घ्यायला हवा. ते म्हणाले की घेऊन झाला, पुरावा आहे, लिहा. प्रतिशब्द म्हणून मी शेवटी 'जिव्हारी लागणारा' असं लिहिलं. त्यांनी खोडलं नाही.

तीन दिवसांनी, सकाळी पावणेसातला, दुकानावर जायच्या आधी, मौनी आमच्या दारात उभा राहिला. आत्याने डब्यातले खडे त्यांच्या जागी नेऊन ठेवले होते, हंडा रिकामा करून नवं पाणी भरलं होतं आणि काय करावं ते न कळून नुसती बसली होती. तो आत आला. त्याने हंड्यापाशी थांबून आत्याकडे पाहिलं. तिने मान हलवली आणि स्वतः बाजूला झाली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, मोरीत थुंकला. "अजून," तो म्हणाला. आत्या ताट घेऊन पुढे झाली. दुसऱ्या ताटाला तो म्हणाला, "पुरे." आणि गेला. ती लोकर विणकरणीने उन्हात धरून, ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहिली. फडकं पांढरंच राहिलं. तीनशे मफलरी शाळेत गेल्या.

तेव्हापासून तो रोज येतो. पावणेसातला येतो, चाखतो, एक शब्द बोलतो, जातो. पगार घेत नाही. खुंटीवरच्या एप्रनला हात लावत नाही, ते त्याने घातलेल्या घडीतच आहे. परत कामावर ये असं आत्याने दोनदा सुचवलं, त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी तर अजून अधूनमधून मनात म्हणते की हा काहीतरी साठवत असणार. पण आता काय साठवत असेल ते मला कळतं. आत्या तो असेपर्यंत एकही टोमणा मारत नाही, आणि एकदम इतके टोमणे गिळायची सवय नसल्यामुळे तो गेल्यावर मला दुप्पट ऐकावे लागतात.

ती रोज त्याच्यासाठी चहा करून हंड्याच्या कडेवर ठेवायची. तो घ्यायचा नाही. कप निवून जायचा, मग ती तो मोरीत ओतायची. महिनाभर असंच चाललं. मग एका सकाळी तो वळून निघाला तेव्हा आत्या म्हणाली, "साखर बरोबर पडलीय का बघ जरा. मला कळत नाही." माझ्यासमोर म्हणाली, आणि लडी न्यायला आलेल्या हमालासमोर. हमालाने चमकून तिच्याकडे पाहिलं. हा तोच हमाल, त्या दिवशी हसलेला.

मौनी थांबला. त्याने कप उचलला, एक घोट घेतला, तोंडात जरा घोळवला आणि कप खाली ठेवला.

"अजून," तो म्हणाला आणि गेला.

त्याला आता चार महिने झाले. त्या कपात आता साडेचार चमचे साखर असते, चमचा उभा राहील इतकी. मी एकदा चोरून चाखला, मला पिववला नाही. मौनी रोज एक घोट घेतो आणि रोज "अजून" म्हणतो. आत्या दर सोमवारी पाव चमचा वाढवते.